बाथरूममधली बहुरूपिणी

९ जानेवारी

चष्म्याची दांडी बसवून परत येताना चौकातल्या रोपवाल्याकडे थांबलो. थांबलो म्हणजे ही थांबली. हल्ली मला कुणी थांबवलं की मी थांबतो, चला म्हटलं की चालतो. ही कुंड्यांच्या किमती विचारत होती. मागच्या फळीवर धूळ खात पडलेलं एक ऑर्किड मला दिसलं. झाडाच्या सालीच्या तुकड्याला तारेनं बांधलेलं. सहा पानं, जाड, गडद, चकचकीत. खाली चार मुळं अधांतरी. फूल नाही.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, साहेब."

"जंगलातलं?"

"असेल."

"पाणी किती घालायचं?"

"नाही घातलं तरी चालतं."

"आणि ऊन?"

"त्याला काहीच लागत नाही. पुसत जा फक्त."

ही म्हणाली, "अहो, ते तर..." आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मग म्हणाली, "घ्या. घ्याच तुम्ही. छान आहे."

नऊ महिन्यांत मी दुकानात स्वतःहून काही मागण्याची ही पहिलीच वेळ, असं तिनं वाटेत दोनदा सांगितलं. लेकीनं मागच्या वाढदिवसाला पाठवलेली ही वही कोरीच होती. आजपासून नोंदी.

१० जानेवारी

नोंदी ठेवायच्या तर ठेवणाऱ्याचीही एक असावी. वय अठ्ठावन्न. बँकेत चौतीस वर्षं सह्या तपासल्या. खातेदाराची नमुना सही एका हाताला, आलेला कागद दुसऱ्या हाताला, मध्ये भिंग. माझ्या हाताखालून खोटी सही सुटत नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो, हे इथे कबूल करतो.

मग कळलं की एक म्हातारी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सही अकरा वर्षं स्वतः करत होती, आणि अकराही वर्षं मी 'अस्सल' असा शेरा मारत होतो. कुणाचं काही गेलं नाही. साहेब हसले आणि म्हणाले, सोडून द्या. मी नोकरी सोडून दिली.

त्यानंतर बोलण्यासारखं फारसं काही सुचलं नाही. हिचं म्हणणं, मी दिवसाला सरासरी चार शब्द बोलतो. मी मोजले नाहीत.

घरात आम्ही तिघं. मी, ही आणि सासूबाई. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांचा फक्त उकळत्या पाण्यावर विश्वास आहे.

१४ जानेवारी

सर्वांत मोठं पान ६१ मिलिमीटर. पाच दिवसांत वाढ शून्य. संथ वाढीची जात दिसते. पानांच्या पाठीवर देठापासून टोकापर्यंत शिवणीसारखी सरळ रेघ आहे. सहाही पानांवर अगदी एकाच जागी! निसर्गाची शिस्त बघून थक्क झालो.

२३ जानेवारी

वाचनालयातून ऑर्किडवरचं जाडजूड पुस्तक आणलं. फुलाशिवाय जात ओळखणं जवळपास अशक्य असतं. फुलातली एक पाकळी बाकीच्यांहून निराळी असते, तिला ओठ म्हणतात. सगळी मेख त्या ओठात.

जेवताना या ओठाबद्दल मी पंचवीस मिनिटं बोललो. ही घास हातात धरून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजी तिखट झाली म्हणाली. मला तरी नाही लागली.

२ फेब्रुवारी

वाढ शून्य. किडीनं तोंड लावलेलं नाही, माशी बसत नाही, एक मुंगी चढली तीही गोंधळून उतरली. एवढी निरोगी वनस्पती पुस्तकात कुठेही नाही.

६ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. परत आलो तर घरात विचित्र जळका वास. ही म्हणाली, पातेल्याची मूठ करपली. खिडकीत रोप नव्हतं.

"गच्चीवर ठेवलंय. हवा खायला," ही म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "मी नुसती धूळ काढत होते."

"आई, तू गप्प बस," ही म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर गेली. दोन तासांनी आली. एवढा वेळ कुठे होतीस विचारलं तर म्हणाली, गच्चीवर. गच्चीवर जायला पर्स कशाला लागते, कोण जाणे.

७ फेब्रुवारी

चहा न घेताच लिहितोय.

रोप बदललं आहे!

काल सकाळी जाड, चकचकीत पानं होती. आज पानं पातळ आहेत, फिकी आहेत, आणि प्रत्येक पानाखाली लसणाच्या पाकळीएवढं फुगीर खोड आलं आहे. सालीचा तुकडा तोच, तार तीच. एका दिवसात इतका कायापालट! हिला हाका मारून दाखवलं.

"अगं, बघ!"

"अय्या," ही म्हणाली. तिला शास्त्रीय उत्साह कमी आहे, पण चेहरा अगदी पांढरा पडला होता, म्हणजे आश्चर्य पोचलं होतं.

माझा अंदाज असा: ही जात परिस्थिती बदलली की रूप बदलते. गच्चीवरच्या हवेनं तिचं दुसरं रूप जागं झालं. पुस्तकात अशा जातीचा उल्लेख नाही. तूर्त मी तिला 'बहुरूपिणी' म्हणणार आहे.

१९ फेब्रुवारी

पाणी न देता पुसत राहण्याचा क्रम चालू आहे. फुगीर खोडं थोडी सुरकुतली. पण रोज सकाळी मुळं हिरवीगार असतात. पुस्तकात लिहिलंय की मुळं भिजली की हिरवी दिसतात. मी तर थेंबभरही घालत नाही. म्हणजे बहुरूपिणी हवेतून पाणी ओढते. आज खिडकीखाली फरशीवर थारोळं होतं. ओढताना थोडं सांडत असावं.

२८ फेब्रुवारी

निर्णय झाला. हवेतूनच पाणी घेते, तर तिला दमट हवा दिली पाहिजे. घरात बाथरूम एकच, पण खिडकी उत्तरेला आहे आणि भिंती फरशीच्या आहेत. संडास वेगळा आहे हे नशीब.

हिला सांगितलं.

"आणि अंघोळी?"

"काहीतरी सोय होईल."

"अहो, तीन माणसांची अंघोळ म्हणजे काय..." म्हणाली आणि थांबली. मग विचारलं, "तुम्हाला हे अगदी मनापासून करायचंय?"

मी हो म्हणालो. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक बाथरूम पडून आहे. ते एकटे आहेत आणि भिडस्तही. ही जाऊन विचारून आली. बदल्यात सकाळी फोन घ्यायचे, एवढंच ते म्हणाले.

१० मार्च

जंगल तयार झालं. वाफारा सोडणारी दोन यंत्रं, भिंतींना शेवाळाच्या जाळ्या, नळाला सालीचे ओंडके टांगले. तापमान १९ अंश. आर्द्रता ९२ टक्के. मी रेनकोट घालून आत बसतो. स्टूल आहे.

सासूबाई बादली, टॉवेल आणि त्यांचं उकळतं पाणी घेऊन रोज दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षातून जातात. पेशंट उठून उभे राहतात म्हणे. एकानं त्यांना विचारलं, दात काढायला एवढं पाणी लागतं का? तो तसाच उठून घरी गेला.

२६ मार्च

लेकीचा फोन.

"बाबा, आई कुठेय?"

"अंघोळीला."

"सकाळी केला तेव्हाही अंघोळीलाच होती."

"तीच अंघोळ."

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" मी तिला बहुरूपिणीच्या फुगीर खोडांचं माप सांगितलं. सव्वा तास बोललो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, असेच बोलत राहा हं," आणि नाक ओढलं. तिला सर्दी झालेली दिसते.

८ एप्रिल

हिला स्वच्छतेची आवड पहिल्यापासून होती, पण आता ती फारच वाढली आहे. सकाळी नऊला अंघोळीला जाते, दीडला येते. पुन्हा पाचला जाते. जाताना इस्त्रीची साडी नेसते, केसांना पिन लावते. अंघोळीआधी कुणी इस्त्री करतं का? पण मी काही बोललो नाही. माणसाला एखादा छंद असावा.

काल झोपेत म्हणाली, "पुढचे कोण? तोंड उघडा."

२१ एप्रिल

फुगीर खोडांवर तपकिरी डाग. बोट लावलं तर मऊ लागली. मनातली शंका लिहून ठेवतो: मी हिला मारत तर नाही ना? हिला म्हणजे बहुरूपिणीला. मग आठवलं, ही जात रूप बदलते. कात टाकायची तयारी असेल. वाफारा वाढवला.

२ मे

चार दिवस तापात होतो. ताप तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, छाती भरली, एवढा वेळ ओलाव्यात कशाला बसता? मी त्यांना कारण सांगितलं. त्यांनी हिला बाहेर बोलावून घेतलं.

आज उठून भिंतीला धरत बाथरूमपाशी गेलो. दार उघडलं आणि स्टुलावर बसलोच.

तिसरं रूप!

फुगीर खोडं गेली. आता लांब, अरुंद, पन्हाळीसारखी दुमडलेली पानं आणि करंगळीएवढी जाड मुळं. आणि पानांच्या बेचक्यातून कोवळा दांडा निघाला आहे. त्यावर सात गाठी. कळ्या!

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जावईबापू, हे तरी जपून ठेवा. माझ्या गुडघ्यांना आता वाकवत नाही."

रोप जपण्याचा आणि त्यांच्या गुडघ्यांचा काय संबंध, ते विचारायचं राहून गेलं.

१२ मे

तिन्ही रूपांची छायाचित्रं, मापं आणि माझी उपपत्ती असं अकरा पानी पत्र वनस्पती संग्रहालयाला पाठवलं. तिथे ऑर्किड ओळखणाऱ्या एक बाई आहेत. पत्र टाकायला स्वतः चालत गेलो. पेटीशी एका गृहस्थाला सहज बहुरूपिणीबद्दल सांगितलं. त्यांची बस चुकली.

२७ मे

बाईंचं उत्तर आलं. तीन ओळी. जशाच्या तशा उतरवतो:

'आपण पाठवलेली छायाचित्रे एका वनस्पतीची नाहीत. दुसरे व तिसरे अगदी वेगवेगळ्या गटांतील आहेत; पहिले छायाचित्र वनस्पतीचे नसावे. तिसऱ्यास फूल आल्यास त्याच दिवशी कळवावे.'

'पहिले वनस्पतीचे नसावे' म्हणजे काय? प्राण्याचं आहे? चाळीस वर्षं वाळलेली पानं बघून बघून बाईंची नजर गेली असावी. पण शेवटचं वाक्य महत्त्वाचं. फुलात त्यांना रस आहे.

पत्र हिला वाचून दाखवलं. हिच्या हातातला पेला खाली पडला. स्टीलचा होता, वाजला फक्त.

"त्या बाई इथे येणार?" ही म्हणाली.

"फूल आलं की."

"नाहीच आलं तर?"

"सात कळ्या आहेत!"

"सात," ही म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. आज पहिल्यांदाच संध्याकाळच्या अंघोळीला गेली नाही. खालून डॉक्टर दोनदा विचारायला आले, येताय ना? एका माणसाच्या अंघोळीची इतकी काळजी! आजकाल असे शेजारी मिळत नाहीत.

४ जून

ही दोनदा बाथरूमच्या दाराशी येऊन "अहो, एक सांगायचं होतं" म्हणाली. दोन्ही वेळा मी कळीचं माप घेत होतो. हातानंच थांब म्हटलं. दुसऱ्या वेळी कळीच्या टोकाला जांभळी छटा दिसली, तेव्हा मीच ओरडलो, "ये, ये, बघ!" तिनं बघितलं. माझ्या रेनकोटाच्या बाहीवरचं शेवाळ झटकलं आणि म्हणाली, "किती बारीक झालात हो. पण चेहरा चांगला दिसतोय." मग काय सांगायचं होतं ते विसरली बहुतेक.

११ जून

जे घडलं ते क्रमानं लिहितो. क्रम सोडला तर हातात काहीच राहणार नाही.

सकाळी सव्वासहाला पहिलं फूल उमललेलं दिसलं. नखाएवढं. पांढऱ्यावर जांभळे ठिपके, ओठ पुढे आलेला, टोकाला दुभंगलेला. वास ओल्या मोज्यांचा. मला तो दिव्य वाटला. संग्रहालय उघडायची वाट बघून फोन केला. बाई बारा वाजता आल्या. सत्तरीच्या, पांढरे कापलेले केस, गळ्यात भिंग, खांद्यावर कापडी पिशवी. बाथरूममध्ये शिरताना विचारलं, "रेनकोट घालावाच लागतो का?" मी त्यांना दुसरा दिला.

त्या फुलापाशी दहा मिनिटं वाकून होत्या. मी मागे उभा राहून तिन्ही रूपांची उपपत्ती मांडत होतो. दारात ही उभी, तिच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर. ते पांढऱ्या डगल्यातच वर आले होते. का आले, ते मला तेव्हा कळलं नाही.

बाई सरळ झाल्या. म्हणाल्या, "हे तुम्ही जानेवारीपासून वाढवलंत?"

"जानेवारीपासून. एका दिवसाचाही खंड नाही."

"बाई," ही म्हणाली. तिचा आवाज मी ओळखलाच नाही. "मला काही सांगायचंय. ते रोप एक नाही. तीन आहेत. मी बदलली."

"दोन," सासूबाई म्हणाल्या. "पहिलं रोप नव्हतंच."

"आई!"

"काय आई आई? प्लॅस्टिक होतं ते. मी उकळत्या पाण्यात बुचकळलं तर त्याचा गोळा झाला. खरं रोप असतं तर भाजी झाली असती."

मी म्हणालो, शक्य नाही. मी रोज मोजत होतो. आणि वाढ शून्य होती हे तोंडातून निघता निघता माझं मलाच ऐकू आलं.

ही आत गेली. कपाटावरच्या चादरींच्या गठ्ठ्यामागून रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. मुठीएवढा हिरवा गोळा. त्यातून एक पान तेवढं शाबूत बाहेर आलं होतं. त्याच्या पाठीवर ती सरळ रेघ. साच्याची.

"टाकवलं नाही मला," ही म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी दुकानात तोंड उघडलंत. ते प्लॅस्टिक आहे हे तिथेच सांगणार होते. पण म्हटलं, आता परत फसलो असं यांना कळलं तर हे कायमचे गप्प बसतील. म्हणून खरं आणून ठेवलं. ते तुम्ही वाळवायला लागलात, तर रोज पहाटे उठून पाणी घातलं. मग तुम्ही ते बुडवलंत. हे आईनं आणलं," असं म्हणून फुलाकडे बोट केलं.

"खाली पडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांच्या दारातल्या झाडाखाली. फांदीसकट उचललं मी. कमरेत उसण भरली, कुणी विचारलंही नाही."

बाई एकदम पुढे झाल्या. "दारातल्या झाडाखाली? या इमारतीच्या?" मला वाटलं त्या माझी कीव करतील. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. "जात साधी आहे, हो. पण या गावात ती साठेक वर्षांत कुणी नोंदलेली नाही. आम्ही ती इथून गेली असं धरून चाललो होतो. आजी, झाड दाखवा मला."

सगळे खाली गेले. रेनकोट घातलेल्या बाई, पांढऱ्या डगल्यातले डॉक्टर, पुढे सासूबाई. मी गेलो नाही. बाथरूमचं दार आतून लावून स्टुलावर बसलो. वाफारा चालू होता. आपले हात आपल्याला दिसत नव्हते ते बरं वाटलं.

ही परत आली. दारावर टकटक केली. "अहो." मी कडी नीट बसली आहे का बघितलं.

१२ जून

नोंद नाही.

१३ जून

तेच.

१४ जून

सकाळी ही दाराबाहेरून म्हणाली, "मी खाली जाते. एक सांगायचं राहिलं. अंघोळीला नाही जात मी. नोकरी आहे मला. मार्चपासून. पेशंटची नावं लिहिते, त्यांना धीर देते. डॉक्टर म्हणतात, मी नसले की लोक पळून जातात." मग म्हणाली, "मला ते काम आवडतं. हेही लपवायचं नव्हतं. पण एक लपवलं की दुसरं आपोआप लपतं."

तिची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत ऐकली. तीन महिने इस्त्रीच्या साडीचा अर्थ मला लागला नव्हता. प्लॅस्टिकचं पान परवडलं, ते निदान परकं होतं. ही तर रोज समोर बसून जेवते.

१५ जून

दहाच्या सुमाराला दारावर धप्पकन काहीतरी आपटलं. बादली होती.

"जावईबापू, दार उघडा. मला अंघोळ करायचीय. माझ्या लेकीच्या घरात."

मी वाफारा थोडा वाढवला.

"मी चौऱ्याऐंशी वर्षांची बाई लोकांच्या सुजलेल्या गालांमधून टॉवेल घेऊन जाते. का? तर जावयाला जंगल हवं. बरं, मी गेले. पण आता जंगल तर खालच्या झाडावर निघालं. मग माझी मोरी का अडवून ठेवलीत?"

मी आणखी वाढवला.

"आणि फसलात तर काय झालं? ती म्हातारी अकरा वर्षं नवऱ्याची सही करत होती. चांगली करत होती म्हणायचं आणि गप्प बसायचं. तुम्हाला फसवायला तिला रोज गिरवावं लागलं असेल. माझ्या लेकीनं तर विकतचं रोप आणि पहाटेची झोप घातली. एवढी मेहनत घेऊन मला आजवर कुणी फसवलेलं नाही."

बराच वेळ मी त्या म्हातारीचा विचार केला. नवऱ्याच्या उशाशी बसून ती सरावाच्या सह्या काढत असेल. मग तोंड उघडलं. आवाज घोगरा निघाला. म्हणालो, "पाणी किती उकळलंय?"

"खळखळ."

"दहा मिनिटं द्या."

पंचवीस लागली. यंत्रं बंद केली, जाळ्या उतरवल्या, ओंडके गच्चीवर नेले. फुललेलं रोप खिडकीत टांगलं. त्याला तिथे काही फरक पडलेला दिसला नाही. सासूबाई आत गेल्या आणि पाऊण तास मोठमोठ्यानं गुणगुणत होत्या.

मी कोरडा शर्ट घातला आणि खाली गेलो.

दवाखान्यात मी पहिल्यांदाच शिरलो. बाकांवर सहा माणसं. टेबलामागे ही बसलेली, केसांना पिन, पुढ्यात वही. माझ्याकडे बघितलं आणि पेन तसंच धरून राहिली. मी बाकाच्या टोकाला बसलो. शेजारच्या माणसाचा गाल लिंबाएवढा सुजला होता.

"तुमचं काय?" त्यानं विचारलं.

"मी जानेवारीत एक रोप आणलं," मी म्हणालो. "रोज मापलं. एकोणतीस दिवस."

"मग?"

"वाढेना."

"पाणी कमी पडलं असेल."

"प्लॅस्टिकचं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा गाल हलला, तो कळवळला, दोन्ही हातांनी गाल धरला आणि तरी हसत राहिला. "अहो, हसवू नका हो. ठणकतंय." समोरची बाई म्हणाली, "काय झालं?" तर त्यानं तिला सांगितलं. ती तोंडात कापूस धरून होती, तिला हसता येईना, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग तिच्या पलीकडचा म्हातारा म्हणाला, मलाही सांगा. म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती शिवणीसारखी रेघ, निसर्गाची शिस्त, गोंधळलेली मुंगी. उकळतं पाणी सांगितलं तेव्हा सहाजण गाल धरून विव्हळत होते आणि पुढे सांगा म्हणत होते. मीही हसत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. वर्षभरात तोंडाचे ते स्नायू वापरलेले नव्हते, जबडा दुखायला लागला.

"अहो, पेशंट आहेत ते!" ही ओरडली. पण तिनंही पदर तोंडाला लावला होता.

आतलं दार उघडलं. डॉक्टर हातात चिमटा घेऊन घाबरून बाहेर आले. "काय झालं? कोण रडतंय?"

"कुणी नाही, डॉक्टर," ही म्हणाली. "माझे मिस्टर आलेत. बोलतायत."